फुकटचं दूध

सोमवार

चिडू नका म्हणे. चिडू नको तर काय करू, नाचू? या घरात फुकट येणारी वस्तू एकच. खोलीला भाडं, दिव्याला बिल, गॅसला पैसे, नळाला पाणी येवो न येवो त्यालाही पैसे. फुकट येतं ते फक्त दूध. मी गोठ्यात शेण काढते, कासा धुते, वासरांना बाटली लावते, आणि सुटताना मुकादम माझ्या किटलीत दूध ओततो, कारण ते माझ्या पगाराचाच भाग धरलंय. असं दूध, ताजं, पाण्याचा थेंब नसलेलं. लोक रांगा लावतात त्याच्यासाठी. आणि आमच्या सूनबाई म्हणतात, "मला नको."

दूध नको. दही नको. लोणी, तूप नको. अंडं नको. मटण-मासळीचं तर नावच नको, ते तसंही आमच्याकडे कधीतरीच येतं. मी म्हटलं, "मग खाणार काय? वारा?"

"भात आहे की, आई. डाळ आहे."

"डाळ आहे? कुठाय? डाळ वाण्याकडे आहे. आपल्याकडे डाळीचं पाणी आहे."

तर म्हणाली, तुम्ही चिडू नका.

घरचं झालं थोडं आणि व्याह्यानं धाडलं घोडं, त्यातली गत. पैसेवाली माणसं असले नखरे करतात ते ठीक. त्यांना बदामाचं दूध मिळतं म्हणे, डब्यातलं. आमच्या दुकानात बदाम काचेच्या बरणीत असतात आणि बरणीवर धूळ असते, यावरून काय ते समजा.

ही डायरी पशुखाद्यवाल्यानं दिली. गेल्या वर्षीची आहे, म्हणून दिली. तारीख आणि वार जुळत नाहीत, तेव्हा मी तारीख खोडून नुसता वार लिहिते. चौथीपर्यंत शिकले, ऱ्हस्वदीर्घ तपासायला कोणी येणार नाही. मुलगा ट्रकवर असतो, सून तोंड शिवल्यासारखी, आणि भिंतीशी बोलावं तर पलीकडची शेजारीण ऐकते. म्हणून इथे.

मंगळवार

हे सगळं चिकावरून सुरू झालं, ते लिहून ठेवते. उद्या कोणी म्हणायला नको की सासूनं छळलं.

गेल्या आठवड्यात बारा नंबर व्याली. गोऱ्हा झाला. गोऱ्हा आमच्या गोठ्यात कोणाला हवा? दुसऱ्या दिवशी ट्रकवर. पण गाईचा पहिला चीक असा निघाला, पिवळाधमक, दाट. मुकादमानं मला वाडगाभर दिला. माझ्यासोबत काम करते ती बोळकी (दात नाहीत, पण जीभ दोघींची आहे) म्हणाली, "खा इथेच, वाटेत सांडशील." मी नाही खाल्ला. घरी आणला, साखर घालून मंद आचेवर ठेवला, तो आपसूक थिजला. सुनेपुढे ठेवला. म्हटलं, खा, अंगात रक्त भरेल.

ती बघतच राहिली. "हा वासराचा ना?"

"वासराला कशाला लागतोय आता? त्याला घातलं ट्रकवर."

"कोणी?"

"कोणी म्हणजे? तुझ्याच नवऱ्यानं. त्याचं कामच ते आहे."

"मग ती ओरडत असेल."

"ओरडते दोन दिवस. मग विसरते."

"विसरते हे तिनं सांगितलं का तुम्हाला?"

अशी उलटून बोलली. आजवर कधी बोलली नव्हती. वाडगा बाजूला सारला आणि भांडी घासायला गेली. तेव्हापासून दूध बंद. तो चीक मग मी खाल्ला. टाकायचा का? चांगला झाला होता.

एक लिहायचं राहिलं. गेल्या थंडीत तिला मूल झालं ते गेलेलंच झालं. मुलगी होती. त्यावर मी लिहिणार नाही. पण तिला दूध आलं. मूल नाही हे दुधाला कोण सांगणार? छाती दगड झाली, पोरगी रात्रंदिवस कण्हायची. मी फडकं घट्ट बांधलं, गोठ्यात आटवतो तसंच. पाणी कमी, खाणं बेताचं, पिळायचं नाही. चार-आठ दिवसांत आटलं. ताप आला नाही, गाठ झाली नाही. माझ्या कामात कोणी खोट काढू शकत नाही.

तेव्हापासून ती अशी वाळत चाललीय. आणि आता हे दुधाचं खूळ.

गुरुवार

दवाखान्यात नेलं. काम बुडवून. नर्सबाईंनी तिला काट्यावर उभं केलं आणि काट्याकडे बघून माझ्याकडे बघितलं, जसं काही मी तिच्या पायाखालून वजन काढून घेतलं.

"घरी काय खाते?"

"आम्ही खातो तेच. त्यातून दूध वजा करून."

"म्हणजे उरतं काय?"

मी मनात बघितलं. भात उरतो. बटाटा उरतो. काळा चहा उरतो.

मला वाटलं होतं, आता नर्सबाई हिची खरडपट्टी काढतील. मी तेवढ्यासाठीच नेलं होतं, खरं सांगते. पण त्या म्हणाल्या, "दूध सोडल्यानं कोणी मरत नाही, बाई. दूध सोडून त्या जागी काहीच ठेवलं नाही की मरतं. डाळ दाट करा. शेंगदाणे द्या. तीळ द्या, सोयाबीन द्या, पालेभाजी रोज. आणि ही बी-बाराची गोळी. ती पाल्यात मिळत नाही, विसरायची नाही."

मी म्हटलं, "बारा नंबरची तर आमच्याकडे गाय आहे."

नर्सबाई हसल्या नाहीत. सून हसली. तोंडावर हात धरून, खांदे हलवत. त्या थंडीनंतर पहिल्यांदाच. मी बघितलंच नाही असं केलं. बघितलं असतं तर थांबली असती.

गोळ्या दवाखान्यातून मिळाल्या. शेंगदाणे दवाखान्यातून मिळत नाहीत.

शुक्रवार

भात, डाळ. अर्धी वाटी ठेवून उठली. बाकी काही नाही.

रविवार

बाजार उठायच्या वेळी गेले. भाजीवाले तेव्हा फ्लॉवरचा पाला, मुळ्याचा पाला, कोबीची वरची पानं तोडून ढिगात टाकतात. मी पिशवी उघडली. एक भाजीवाला म्हणाला, "गाईला का, मावशी?" म्हटलं, "हो, गाईलाच." खोटं बोलायला लाज वाटली नाही. खरं बोलायला वाटली असती.

घरी निवडला, धुतला. मुळ्याचा पाला कोवळा होता, तो लसूण घालून परतला. फ्लॉवरचे दांडे सोलून डाळीत टाकले. सून शेजारी बसून तीळ भाजत होती. तीळ तिनंच आणले, स्वतःची जुनी ओढणी विकून की काय, देव जाणे. विचारलं तर सांगत नाही.

मी म्हटलं, "आमच्या गोठ्यात गाईला रोज पेंड, मका, सोयाबीन. तुझ्यापेक्षा त्यांचं बरं चाललंय."

"गाय कुठे दूध पिते, आई? तरी केवढी असते."

"तिला चार पोटं असतात. तुला आहेत का?"

"एक आहे ते पण रिकामं आहे," म्हणाली, आणि तीळ परतायला लागली. मी म्हटलं, "म्हणूनच म्हणते, भर ते." ताटात भाजी वाढली. तिनं खाल्ली, पण चव गेल्यासारखी. मीठ कमी पडलं असेल.

बुधवार

मुलगा काळा चहा पितो आता. मी विचारलं, तुलाही लागली का हवा? "दुधाचा जड होतो," म्हणतो. लहानपणी किटलीला तोंड लावून प्यायचा. बायकोचा बैल झालाय, दुसरं काय.

किटली मी एकटीनं किती संपवायची? दही लावते, दही आंबतं. शेजारणीला द्यायचं तर गोठ्याचा नियम आहे, कामगाराचं दूध कामगाराच्याच घरात. विकताना-वाटताना कोणी बघितलं की काम गेलं. म्हणजे घरात नासलं तरी चालेल, पण बाहेर जायला नको. हा नियम कोणी केला त्याला पण एकदा भेटायचंय मला.

शनिवार

आज जेवण जमलं होतं. खरंच जमलं होतं, म्हणून जास्त राग येतोय.

शेंगदाणे मिळाले होते. बोळकीनं दिले मूठभर, तिला चावता येत नाहीत. मी ते कुटले आणि दाट डाळीत घातले. वर मिरची तडतडवली. सुनेनं एकदा घेतलं, मग हात पुढे केला, "अजून आहे का?" अजून आहे का! मुलगा माझ्याकडे बघून हसला. तो पण घरी होता आज. तिघं एका वेळी जेवायला बसलो, असं कधीचं झालं नव्हतं.

मला बरं वाटलं. बरं वाटलं की मी बोलते. गोठ्यातली गंमत सांगायला लागले, सात नंबरचं काय झालं ते. म्हटलं, "सात नंबर भाकड निघाली. गाभण राहिली तर गाभ टाकला, आता राहतच नाही. मुकादम म्हणतो, पेंड महाग झालीय, किती दिवस बसून खायला घालायचं? मी म्हटलं बरोबर आहे, भाकडाला पोसायला आपण काय संस्थानिक आहोत? बुधवारी ट्रक येणार."

मुलगा म्हणाला, "आई, पुरे."

"पुरे काय? तूच तर नेणार आहेस तिला."

सुनेचा हात ताटावर होता तो तसाच राहिला. मग तिनं उरलेल्या डाळीवर झाकण ठेवलं. "पोट भरलं, आई," म्हणाली. आताच तर मागत होती! ताट उचलून आत गेली. मुलगाही उठला. मी एकटी ताटावर.

शेंगदाणे फार झाले असणार. नाजूक पोटाला जड पडतात. पुढच्या वेळी निम्मे घालेन.

रविवार

सून गेली. भावाकडे. सकाळी मी गोठ्यावरून आले तर खोली झाडलेली, भांडी पालथी, तिची पिशवी नाही. मुलगा दारात बसलेला. "तीच म्हणाली, मी सोडून आलो बसपर्यंत."

"भांडलात?"

"नाही."

"मग?"

"तू जेव, आई."

मी काय जेवते. डाळ कालचीच होती. चांगली लागली.

मंगळवार

बोळकीला सांगितलं. कास धुता धुता. ती ऐकत होती, मध्येच थांबली. "जेवताना काय बोललीस, परत सांग."

परत सांगितलं.

"आणि तुला वाटतं शेंगदाणे?"

"मग काय?"

"अगं, दुभत्या गाईच्या लाथा गोड म्हणतात आपल्यात. आणि आटली की गाईला काय म्हणतात ते तू पोरीच्या ताटापुढे बसून म्हणालीस."

"मी गाईला म्हटलं! सात नंबरला! ती काय सात नंबर आहे का?"

"ते तू मला नको सांगू," म्हणाली, आणि बादली उचलून पुढच्या गाईकडे गेली.

मला दिवसभर राग आला. शब्द आहे तो. गोठ्यात आम्ही दिवसातून दहा वेळा बोलतो. भाकडाला भाकड म्हणायचं नाही तर काय म्हणायचं? आजकाल माणसाला गाईबद्दलही बोलायची चोरी. त्या पोरीला मी कधी एका शब्दानं हिणवलं असेल तर जीभ झडो. उलट फ्लॉवरचा पाला वेचला तिच्यासाठी.

बुधवार

ट्रक आला. मुलगाच होता चालवायला. सात नंबर फळीवर पाय ठेवेना. पाय ताठ करून उभी. दोघं पुढून ओढतायत, मुकादम मागून काठी घेऊन. मुलगा केबिनमध्ये बसून पुढच्या काचेतून समोर बघत होता. समोर नुसती भिंत आहे. एरवी तो उतरून गाईच्या मानेवर हात ठेवतो, गाय चढते. आज उतरला नाही.

मुकादम म्हणाला, "ढकला रे त्या भाकडीला."

मी म्हटलं, "नीट बोला, मुकादम."

"काय वाईट बोललो, मावशी?"

सगळे माझ्याकडे बघायला लागले. मी गाईजवळ गेले, तिच्या कानामागे खाजवलं, ती चढली. ट्रक गेला. संध्याकाळी बारा नंबरची धार बघायला गेले तर ती अजून फाटकाकडे तोंड करून उभी होती. गोऱ्हा गेल्याला किती दिवस झाले, मी मोजले नाहीत. दोन नक्की नाहीत.

शुक्रवार

मुकादमाला विचारलं, माझ्या दुधाऐवजी दुसरं काही द्या. पेंड नको, डाळ द्या. नाही तर पगारात धरा.

"दूध नको म्हणणारी पहिलीच बाई बघितली."

"दुसरी. पहिली माझी सून."

हसला. म्हणाला, घ्यायचं तर घ्या, नाही तर राहू द्या, बदल्यात काही मिळत नाही, वरचा हुकूम आहे. म्हटलं, राहू द्या मग. किटली रिकामी घेऊन निघाले. फाटकापर्यंत वाटत होतं, मागे फिरावं. एवढं चांगलं दूध. फुकटचं. पण घरी नेऊन करायचं काय? मुलगा पीत नाही. ती आली तर ती पिणार नाही. मी दूध पिते हे बघत ती जेवणार, आणि मग पोट भरलं म्हणून उठणार.

सोमवार

धान्याच्या गोदामात संध्याकाळच्या धारेनंतरचं काम धरलंय. पोती झटकायची, डाळ निवडायची. पैसे थोडे, पण वर फुटकी डाळ मिळते. अख्खी नसते म्हणून विकत नाहीत. शिजल्यावर पोटाला काय कळतंय अख्खी होती की फुटकी. धुळीनं खोकला लागलाय, नाकातून काळं येतं. बोळकी म्हणते, या वयात दोन-दोन कामं, मरशील. मी म्हटलं, मरायला पण डाळ खाऊनच जाईन.

मुलाला म्हटलं, फोन लाव. लावला. तिच्या भावजयीनं उचलला. "झोपलीय." दिवसाढवळ्या. परवा पण झोपली होती.

"काय खाते तिकडे?" मी विचारलं.

"आम्ही देतो ते. थोडं थोडं. दूध दिलं तर घेत नाही, वहिनी म्हणून मी आग्रह पण किती करू?"

म्हणजे तिकडेही भात आणि काळा चहा. गोळ्यांचं विचारलं. गोळ्या इकडेच राहिल्यात, मिठाच्या डब्यामागे. मी बघितल्या. भरलेली पट्टी.

मुलाला विचारलं, तू आणायला का जात नाहीस? म्हणाला, "ती म्हणते, ट्रक सोडलास तर ये."

"मग सोड."

"सोडून काय करू, आई?"

मी फुटकी डाळ सुपात ओतली आणि निवडायला बसले.

बुधवार

उद्या मुलाचा ट्रक तिच्या भावाच्या गावावरून जाणार आहे. माल पोत्यांचा आहे यावेळी, गाय नाही. मी विचारून घेतलं. त्याच्याबरोबर गोळ्या आणि फुटक्या डाळीची पिशवी देतेय, आणि हा कागद. आधी इथे लिहिते, मग हे पान फाडून देईन. परत उतरवून काढायला मला वेळ नाही.

सूनबाई,

गोळ्या पाठवल्यात. रोज एक. वहिनीला दाखव, तिनं आठवण करून द्यायची. डाळ फुटकी आहे पण निवडलेली आहे, खडा लागणार नाही. मी स्वतः निवडलीय.

घरात दूध येत नाही आता. मी बंद केलं. तुझ्यासाठी नाही, नासत होतं म्हणून. दही, लोणी काही नाही. तव्याला तेल लावते. मी पण तेच खाते, गोळी मात्र घेत नाही, म्हातारीला काय करायचीय. जमतं. पहिले दिवस चिडचिड झाली, पण मी तशीही चिडते.

सात नंबर गेली. तिचं दूध आटलं होतं. मी तेवढंच म्हणते आता. बोळकी म्हणते मी तुला बोलले. मी तुला नाही बोलले. पण तुला लागलं असेल तर ते मला तुझ्याकडून ऐकायचंय, बोळकीकडून नाही आणि माझ्या मुलाकडून तर नाहीच, त्याच्या तोंडून दोन वाक्यं काढायची म्हणजे विहीर खणल्यासारखं आहे.

बारा नंबर अजून ओरडते. तू विचारलं होतंस म्हणून सांगते.

ट्रकचं तुमचं तुम्ही बघा. गोदामात हमाल लागतात, मी विचारून ठेवलंय, पगार कमी आहे, तिघांत भागवायचं म्हणजे फुटकी डाळच. त्याला मी सांगितलेलं नाही. तू सांग, तुझं ऐकेल.

आता एकच. येणार आहेस की नाही? नाही म्हणायचं तर नाही म्हण, मी काही पाय धरायला येणार नाही. पण गप्प बसायचं नाही. झोपलीय म्हणून सांगायचं नाही. गोदामवाला सोमवारी माणूस ठेवणार आहे, तेव्हा मला रविवारी कळलं पाहिजे. संध्याकाळच्या धारेआधी फोन कर. मी हात धुऊन फोनजवळ बसते. स्वतः बोल, आणि जे असेल ते सांग.